शिक्क्याची तारीख आणि विमानाची तारीख

प्रश्न : नमस्कार ताई. मी कॅनडात, टोरंटोजवळ मिसिसागात राहतो. थेट पीआरवर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर आलो, त्याला सव्वातीन वर्षं होऊन गेली. नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलो, तर प्रवासाच्या तारखा कुठेच लिहून ठेवलेल्या नाहीत. टोरंटोला उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मिळाला नाही, म्हणून भारतात उमटलेल्या शिक्क्यांवरून तीन वाऱ्यांचा हिशेब केला. नागरिकत्वाला पाच वर्षांत 1095 दिवस कॅनडात हजेरी लागते; माझे 1098 दिवस भरतात. शिवाय दोनदा सकाळी सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला जाऊन रात्री परतलो, त्या तारखा आठवत नाहीत. पत्नी म्हणते, 1095 झालेत ना, मग पाठवून टाका. पाठवू का?

उत्तर : नका पाठवू. तुमचे 1098 बहुधा 1098 नाहीत.

तुमची एक वारी उदाहरणादाखल घेऊ. समजा, 3 डिसेंबरला रात्री टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावरून विमान सुटलं. मध्ये एक थांबा. भारतात उतरून इमिग्रेशनच्या रांगेत तुमचा नंबर लागेपर्यंत मध्यरात्र उलटलेली, म्हणून शिक्का 5 डिसेंबरचा. परतीचं विमान 10 जानेवारीला पहाटे दोनचं; पण शिक्का आदल्या रात्री अकराला बसला, म्हणजे 9 तारखेचा. टोरंटोला पोचलात 10 ला दुपारी. आता मोजा. कॅनडातून निघाल्याचा आणि परतल्याचा, हे दोन्ही दिवस तुमच्या बाजूने धरतात, गैरहजेरी फक्त मधल्या पूर्ण दिवसांची. खरी गैरहजेरी 4 डिसेंबर ते 9 जानेवारी, 37 दिवस. शिक्क्यांवरून काढलीत तर 34. एका वारीत तीन दिवसांचा फरक. तिन्ही वाऱ्या अशाच असतील तर नऊ दिवस गेले, आणि तुम्ही 1089 वर आलात. सहा दिवस कमी!

म्हणून तारखा टोरंटोच्या घड्याळाने लिहायच्या. विमान कंपनीच्या ईमेल काढा, पण तिकिटाचा पहिला ईमेल पाहून थांबू नका. मी स्वतः यात फसले आहे. बर्फामुळे माझं परतीचं विमान एक दिवस पुढे गेलं होतं, आणि मी तक्त्यात ईमेलमधली जुनीच तारीख लिहिली. चूक सापडली कशी? त्या दिवशी टोरंटोत असायला हवी होते, आणि फोनमध्ये फोटो होता परदेशातल्या विमानतळावर बाकड्यावर झोपलेल्या मुलाचा. बोर्डिंग पास जपून ठेवण्यावर माझा फारसा विश्वास नाही. त्या कागदावरची छपाई उष्णतेची असते. माझ्या पाकिटातले तीन पास दोन उन्हाळ्यांत कोरे झाले. ठेवायचेच तर त्याच दिवशी फोटो काढा.

यापेक्षा भक्कम आधार म्हणजे कॅनडाच्या सीमा सेवा संस्थेकडची तुमची प्रवासनोंद. प्रायव्हसी कायद्याखाली ती मागता येते आणि अर्जाला शुल्क नाही. त्यात कॅनडातल्या प्रवेशाच्या तारखा मिळतात. विमानाने बाहेर गेल्याच्या नोंदी 2020 च्या उन्हाळ्यापासून घ्यायला लागले, त्यामुळे तुमच्या तिन्ही वाऱ्या त्या काळात येतात. यायला वेळ लागतो, म्हणून आजच मागणी टाका. नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही याच नोंदी तपासायला संमती देता, तेव्हा त्यांच्याकडे काय लिहिलंय ते आधी आपण पाहिलेलं बरं.

बफेलोच्या फेऱ्यांनी दिवस घटत नाहीत, त्याच दिवशी परतलात ना! पण म्हणून त्या लपवू नका. जमिनीवरच्या सीमेवर अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद कॅनडाला कळते. एकाची आवक ती दुसऱ्याची जावक. बँकेच्या किंवा कार्डाच्या पत्रकात त्या दिवशी डॉलर बदलल्याची ओळ सापडेल, पेट्रोलची किंवा दुकानाची. माझ्या एका फेरीची तारीख मला अशीच सापडली, चपलांच्या पावतीवरून.

पासपोर्ट मधल्या काळात बदलला असेल, तर जुना फेकू नका. पाच वर्षांतल्या सगळ्या पासपोर्टांची सगळी पानं मागतात, कोरीसुद्धा.

पत्नीला सांगा, 1095 भरले की लगेच धाडायचं असं नाही. थोडे जास्त दिवस धरून अर्ज करा, असं सरकारच सुचवतं, कारण हिशेब चुकतो हे त्यांनाही ठाऊक आहे. मी स्वतः महिनाभर थांबले होते. थांबण्याने तुमचं बिघडत काय? पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस लागतात, ते तुमचे कधीच झालेत.

आणि फॉर्मवर आत्ताच सही करून ठेवू नका. पाच वर्षं मागे मोजायची ती सहीच्या तारखेपासून.