युद्धानंतरच्या तहात देशांच्या सीमा नेमक्या कशा ठरतात?

उदाहरण हंगेरीचं घ्या. पहिल्या महायुद्धात हरल्यावर ४ जून १९२० रोजी व्हर्सायच्या त्रियानों महालात तह झाला आणि हंगेरीचा दोन तृतीयांशाहून जास्त मुलूख गेला. ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाला, उत्तरेचा भाग चेकोस्लोव्हाकियाला, दक्षिणेचा युगोस्लाव्ह राज्याला.

तत्त्व होतं 'ज्या भाषेचे लोक, त्यांचा देश'. बोलायला छान! प्रत्यक्षात रेल्वेमार्ग आणि नद्याही मोजल्या गेल्या. साटू मारे, ओराडिया, अराड ही शहरं जोडणारा लोहमार्ग रुमानियाला हवा होता, म्हणून बहुसंख्य हंगेरियन वस्तीचं ओराडियाही तिकडे गेलं. डॅन्यूब नदी सीमा ठरली आणि कोमारोम शहराचे दोन तुकडे झाले. जुनं शहर पलीकडे चेकोस्लोव्हाकियात, उरलेलं हंगेरीत. सुमारे तीस लाख हंगेरियन घरातून न हलता परदेशी झाले.

लोकांना विचारलं गेलं ते जवळपास एकाच ठिकाणी, शोप्रोन आणि आसपासच्या गावांत. तेही तहात नव्हतं, नंतरच्या तडजोडीतून आलं. हा भाग ऑस्ट्रियाला जायचा होता, पण डिसेंबर १९२१ च्या सार्वमतात लोकांनी हंगेरी निवडली.

तहात सीमारेषेचं नुसतं वर्णन असतं. जमिनीवर खुणेचे दगड नंतर सीमा आयोग रोवतात, आणि खरी भांडणं तिथेच होतात.