दुकानातली रायफल, रविवारची स्पर्धा

प्रश्न: आम्ही हिंगणा एमआयडीसीतले सहा मित्र. सगळ्यांकडे दुकानातून घेतलेल्या, नळी खाली वाकवून भरायच्या साध्या एअर रायफली. दर रविवारी आपसांत स्पर्धा घेतो. आता एकाने दुर्बीण लावली, दुसऱ्याने जोरदार स्प्रिंग बसवून घेतली आणि वाद सुरू झाले. शिवाय ऑलिंपिकचं टार्गेट लावलं तर कुणाचेच गुण होत नाहीत. नियम कसे ठरवावेत?

उत्तर: आधी स्प्रिंग काढायला लावा. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि छर्र्याला २० ज्यूलपर्यंतच जोर देणाऱ्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्प्रिंग बदलून जोर त्यापुढे गेला, तर तीच रायफल परवान्याच्या कक्षेत येते. स्पर्धेचं नंतर बघू, आधी हे.

तुमच्यातला वाद नवा नाही. अमेरिकेत बेंचरेस्ट नेमबाजीत, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून केलेल्या नेमबाजीत, साध्या शिकारी रायफलींसाठी ‘हंटर क्लास’ नावाचा गट निघाला. वजन १० पौंडांच्या आत, दुर्बीण ६ पटींपर्यंत. पण नळी कारखान्याचीच हवी, अशी अट नव्हती. हळूहळू त्या मर्यादेत बसणाऱ्या, कारागिराकडून खास घडवून घेतलेल्या रायफली आल्या आणि ज्याच्यासाठी गट काढला तो दुकानातून रायफल घेणारा माणूस मागे पडला. म्हणून तुम्ही नियम एका वाक्यात लिहा: खोक्यातून निघाली तशी रायफल, नेम धरायला तिच्यावरचीच पुढची माशी आणि मागची खाच. दुर्बीणवाल्यांची संख्या वाढली तर त्यांचा गट वेगळा करा, गुण एकत्र मोजू नका.

आता टार्गेट. १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पीप साइटच्या, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या, महागड्या रायफलींसाठी आहे. तुम्ही एअर पिस्तुलाचा कागद लावा. त्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. नॉर्वेत मोठ्या प्राण्यांची शिकार करणाऱ्यांना दरवर्षी परीक्षा द्यावी लागते: १०० मीटरवर रेनडिअरची आकृती, पाच गोळ्या, पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात हव्यात. वर्तुळ मोठं आहे, कारण तिथे साध्या रायफलीने, साध्या माणसाने नीट नेम धरला की नाही एवढंच बघायचं असतं. तुम्हालाही तेच बघायचं आहे.

माझ्याकडे नेमबाजी शिकणाऱ्या मुलांकडून मी वीस छर्रे मारून घेते: दहा उभ्याने, पाच गुडघ्यावर बसून आणि शेवटचे पाच चिठ्ठी टाकून दुसऱ्याच्या रायफलीने. हे शेवटचे पाच मला फार मोलाचे वाटतात. परकी रायफल हातात आली की घोडा कसा दाबला जातो ते लगेच उघडं पडतं. चपट्या डोक्याचे छर्रे वापरा, कागदाला गोल भोक पडतं. छर्रा वर्तुळाच्या रेषेला शिवला तर वरचा गुण द्या. जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेलं खोकं मागे ठेवा, त्याच्याही मागे भिंत हवी. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्याच, बघणाऱ्यांच्याही. छर्रे मारायला उभं राहायच्या रेषेच्या पुढे कुणी असताना एकही रायफल भरलेली नको. पाखरावर नेम धरणारा त्याच क्षणी बाद, आणि पुन्हा बोलवायचा नाही. मे महिन्यात सकाळी सहालाच सुरुवात करा. तापलेल्या अंगणात हवा लहरते आणि काळं वर्तुळ डोळ्यांपुढे नाचतं. छर्रे शिशाचे असतात, म्हणून तर्री-पोह्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. हे मी मुलांना दरवेळी सांगते, तुम्हालाही सांगते.

प्रश्न: आम्ही रामटेकचे. आजोबांची ३१५ बोअरची (०.३१५ इंच) गोळीची रायफल घरात आहे, ते गेल्या वर्षी वारले. ती घेऊन अशा स्पर्धेत उतरता येईल का?

उत्तर: आज नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता, त्यांच्यानंतर ती घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. शस्त्र कायदा, १९५९च्या कलम २१ प्रमाणे ती विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. मग वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करा. ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे. परवाना मिळाल्यावरही ती फक्त त्या बोअरला मुभा असलेल्या रेंजवरच. शेतात, धुऱ्यावर मुळीच नाही. ३१५ची गोळी कागद फाडून थांबत नाही, फार लांब जाते.

आजोबांची आठवण म्हणून ती ठेवावीशी वाटणं मी समजू शकते. म्हणूनच उशीर करू नका.

प्रश्न: रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली की नेम उलट बिघडतो. असं का?

उत्तर: स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते, आणि तेवढ्या वेळात छर्रा अजून नळीतच असतो. पिशवीवर टेकवली की ती दरवेळी वेगळी उडते. पिशवीवर हात ठेवा, उघड्या तळव्यावर रायफल ठेवा, बोटं आवळू नका, दस्ता खांद्याला नुसता लागू द्या. दर छर्र्याला तळवा त्याच जागी हवा, त्यासाठी लाकडावर पेन्सिलीने खूण करा.