घरावर झाला की घरात उमटले?

फोंड्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: नववीतल्या एका मुलानं निबंधात ‘खाणबंदीचे पडसाद आमच्या घरावर झाले’ असं वाक्य लिहिलं. इथं ‘पडसाद’ खोडून ‘परिणाम’ करावं, की नुसतं क्रियापद बदलावं?

बाई, दोन्ही दुरुस्त्या चालतील, पण त्यातून दोन निरनिराळी वाक्यं तयार होतील. परिणाम कशावर तरी होतो; पडसाद कुठंतरी उमटतात. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आणि ‘त’ हा प्रत्यय, या दोहोंत या शब्दांचा सगळा स्वभाव आला आहे.

‘पडसाद’ म्हणजे मुळात प्रतिध्वनी. संस्कृत ‘प्रतिशब्द’, त्याचं प्राकृतात ‘पडिसद्द’, त्यावरून आपला ‘पडसाद’. ‘प्रति’चा असाच ‘पड’ झालेला पडछाया आणि पडजीभ या शब्दांत दिसतो, आणि प्रतिपदेचा पाडवाही त्याच वाटेनं आलेला. यातला ‘शब्द’ म्हणजे आवाज. कोकणीत तर ‘साद’ म्हणजे आजही आवाजच, त्यामुळे तुमच्या वर्गातल्या मुलांना हे पटकन कळेल. कुळ्याहून रेल्वेनं घाट चढताना इंजिनाची शिट्टी थांबते आणि क्षणभरानं डोंगरातून परत ऐकू येते. शिट्टी इंजिनानं दिली, पण परतून आलेला तो आवाज डोंगरानं दिला. म्हणून पडसादाला कुणीतरी ऐकणारा आणि उलट बोलणारा लागतो. परिणामाला तशी गरज नसते.

खाणबंदीचंच घ्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाण-लिजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, मांडवी नदीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जी रिकाम्या झाल्या: हा परिणाम. त्याच महिन्यात खाणअवलंबित, म्हणजे खाणींवर पोट असलेले लोक, पणजीत रस्त्यावर उतरले, मांडवीच्या पुलावरची वाहतूक अडली, पुढं विधानसभेत विषय गाजत राहिला: हे पडसाद.

हल्ली ‘पावसाचे पडसाद, साकव वाहून गेला’ अशा धाटणीचे मथळे दिसतात. ते मला अजिबात मान्य नाहीत. साकवाला कुठं तोंड आहे? साकव गेल्यावर गावानं पंचायतीत जाऊन जाब विचारला, तर ते पडसाद. शिवाय आनंदाच्या बातमीला हा शब्द सहसा लावत नाहीत. कुणाला पुरस्कार मिळाला आणि त्याचे पडसाद उमटले म्हटलं, की वाचणारा लगेच विचारतो, का, काय वाद झाला? ‘परिणाम’ मात्र चांगलाही असतो, वाईटही. आणि रूपाचं म्हणाल, तर पडसाद बहुधा अनेकवचनी वापरतात.

ओघानं ‘पर्यवसान’ही सांगून टाकतो. ते शेवटाला लागू पडतं: बाचाबाचीचं पर्यवसान मारामारीत झालं. प्रकरण अजून चालू असेल, तर हा शब्द वापरू नये.

आता मुलाचं वाक्य. वडिलांचा ट्रक उभा राहिला, बँकेचे हप्ते थकले, असं त्याला सांगायचं असेल, तर ‘खाणबंदीचा परिणाम आमच्या घरावर झाला’. पण रोज जेवताना आई-वडिलांची त्यावरून बोलाचाली व्हायची, आजी रागावून पानावरून उठायची, असं काही त्याच्या मनात असेल, तर ‘खाणबंदीचे पडसाद आमच्या घरात उमटले’ हेच वाक्य हवं, आणि नववीतल्या मुलानं तो शब्द निवडला याचं मला फार अप्रूप वाटेल. लाल पेन चालवण्याआधी त्याला जवळ बोलावून विचारा, घरावर काय आलं आणि घरात काय बोललं गेलं. कदाचित त्याला दोन्ही वाक्यं लिहावी लागतील.