डेबियनवर वायफायचा ड्रायव्हर कंपाईल करताना हेडर फाइल्स मिळत नाहीत, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेबियन १२ नव्याने टाकलंय. रियलटेकच्या ८८१२एयू चिपचा यूएसबी वायफाय अडॅप्टर आहे. त्याचा सोर्स दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हने आणून ‘मेक’ (सोर्स कंपाईल करणारी कमांड) चालवलं तर ‘बिल्ड: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ असं आलं. मग तुम्ही थेट जीसीसी हा कंपायलर चालवून पाहिला, तेव्हा ‘लिनक्स/इनिट डॉट एच’ सापडेना. ती फाईल नेटवरून उतरवून इन्क्लूड फोल्डरमध्ये ठेवली, तर दुसरी हरवलेली निघाली, मग तिसरी. मॉड्यूल डॉट एच तर आधीच्या फाईलवर नवी टाकून पाहिली, तरी तेच. आता लिनक्स पुन्हा टाकावं का, असं विचारताय.

पुन्हा टाकू नका. एकेक फाईल आणणं मात्र आत्ता थांबवा, कारण त्या वाटेने तुम्ही शेवटपर्यंत पोहोचणारच नाही. हेडर (कंपाईल करताना लागणाऱ्या, व्याख्यांच्या ‘डॉट एच’ फाइल्स) हरवलेली नाहीत. तुमच्या मशीनवर आत्ता जो कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू आहे, त्याचा हेडरचा संच तुम्ही अजून घेतलेलाच नाही. डेबियन तो आपणहून देत नाही, कारण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान.)

लिनक्समध्ये हेडरचे दोन वेगळे ढीग असतात आणि दोन्हींत ‘लिनक्स’ नावाचाच फोल्डर असतो. घोटाळा तिथे होतो. ‘स्लॅश यूएसआर स्लॅश इन्क्लूड’मधली हेडर साध्या प्रोग्रामसाठी असतात, म्हणजे जे प्रोग्राम कर्नलच्या बाहेर राहून त्याच्याशी बोलतात त्यांच्यासाठी. ती ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ या पॅकेजमधून येतात. ड्रायव्हरला लागतात ती कर्नलच्या आतली हेडर. तुम्ही मॉड्यूल डॉट एच बदललीत, ती मूळची फाईल जेमतेम दोन-चार ओळींच्या व्याख्यांची आहे, आणि तिथे ती तेवढीच असायला हवी. कर्नलच्या आतली त्याच नावाची फाईल शेकडो ओळींची आहे आणि तिचं काम वेगळं आहे. नाव एक, माणसं दोन.

म्हणून पहिलं काम, टाकलेल्या फाइल्स काढून टाका आणि नेट आल्यावर (ते कसं, ते पुढे) ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ पुन्हा बसवा. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ला ‘रीइन्स्टॉल’ हा पर्याय, आधी दोन डॅश देऊन. हे टाळू नका. नाहीतर दोन महिन्यांनी भलताच एखादा प्रोग्राम कंपाईल होणार नाही आणि कारण सापडणार नाही.

नेटवरून उतरवून का भागत नाही? एक फाईल आहे ‘जनरेटेड/ऑटोकॉन्फ डॉट एच’. कर्नलच्या सोर्समध्ये ती नसतेच. कर्नल बांधताना, त्याच्या कॉन्फिगवरून, ती तयार होते. कुठले पर्याय चालू, कुठले बंद, याची ती यादी. त्या पर्यायांवर कर्नलच्या आतल्या स्ट्रक्चरचा (माहितीच्या साच्याचा) आकार ठरतो. एक पर्याय चालू असेल तर स्ट्रक्चरमध्ये एक रकाना वाढतो आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. तुमचा ड्रायव्हर दुसऱ्याच कॉन्फिगच्या हेडरवर कंपाईल झाला, तर तो चुकीच्या जागेवर वाचेल, चुकीच्या जागेवर लिहील. साधा प्रोग्राम असता तर तोच बंद पडला असता. ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, तो अख्खं मशीन गोठवतो. म्हणून कर्नल मॉड्यूल (कंपाईल झालेला ड्रायव्हर) आत घेण्याआधी त्याच्यावरचा शिक्का तपासतो, त्याला ‘व्हरमॅजिक’ म्हणतात. आवृत्ती जुळली नाही तर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून बाहेरच ठेवतो. ही अडवणूक तुमच्या भल्याची आहे. ती जबरदस्तीने ओलांडायचे उपाय कुणी सुचवले तर करू नका.

आता कामाला लागू. ‘यूनेम -आर’ चालवा. ‘६.१.०-१८-एएमडी६४’ असं काहीतरी येईल. (एएमडी६४ वाचून घाबरू नका, इंटेलच्या ६४-बिट प्रोसेसरलाही डेबियन हेच नाव देतं.) हा आकडा कागदावर लिहून ठेवा, शेवटच्या अंकापर्यंत. मग ‘स्लॅश लिब स्लॅश मॉड्यूल्स’मध्ये त्याच नावाचा फोल्डर उघडा आणि ‘एलएस -एल’ करा. आत ‘बिल्ड’ नावाची लिंक दिसायला हवी. तुमच्याकडे ती नसेल, आणि पहिला एरर तेवढंच सांगत होता. ड्रायव्हरची मेकफाईल (‘मेक’ला सूचना देणारी फाईल) त्या ‘बिल्ड’मधून कर्नलच्या हेडरकडे जाते. तिथे वाटच नाही.

ती वाट ‘लिनक्स-हेडर्स-’ आणि पुढे यूनेमचं उत्तर जसंच्या तसं, या नावाच्या पॅकेजने तयार होते. सोबत ‘बिल्ड-इसेन्शियल’ (कंपायलर वगैरे साधनं) आणि ‘डीकेएमएस’ही (कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं) घ्या.

नेट कुठून आणायचं? वायफायचाच ड्रायव्हर नाही म्हणजे नेट नाही, नेट नाही म्हणजे हेडर नाहीत. यावर सगळ्यात सोपा उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. डेबियनला तो तारेचं नेटवर्क असल्यासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको.

नेट आलं तरी ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ येण्याची दाट शक्यता आहे, आणि इथे खूप लोक हार मानतात. कारणं दोन असू शकतात.

पहिलं, तुम्ही इन्स्टॉल केलंत तेव्हा नेट नव्हतं. तेव्हा इन्स्टॉलरने पॅकेजच्या सर्व्हरची ओळ लिहिलेलीच नसते. ‘स्लॅश ईटीसी स्लॅश ॲप्ट स्लॅश सोर्सेस डॉट लिस्ट’ उघडून बघा, तिथे फक्त ‘सीडीरॉम’ची ओळ असेल. तिच्या आधी ‘#’ लावा आणि नवी ओळ लिहा: ‘डेब’, जागा, डेबियनच्या सर्व्हरचा पत्ता (एचटीटीपी, मग डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग स्लॅश डेबियन), जागा, ‘बुकवर्म’ (डेबियन १२ चं नाव), जागा, ‘मेन’, जागा, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’. मग ‘ॲप्ट अपडेट’.

दुसरं, तुमची आयएसओ (जिच्यावरून इन्स्टॉल केलंत ती फाईल) जुनी असेल. सुधारित आवृत्ती आली की सर्व्हरवर नव्या कर्नलची हेडर येतात आणि जुन्या कर्नलची निघून जातात. तुमच्याकडे १८ चालू आहे आणि सर्व्हरवर १८ उरलेलंच नाही. अशा वेळी जुनी हेडर शोधत फिरू नका, कर्नलच पुढे न्या. ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ आणि ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ ही दोन्ही पॅकेज एकाच कमांडमध्ये टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. रीस्टार्टवर जोर देतोय, कारण नवा कर्नल डिस्कवर असतो पण चालू जुनाच असतो, आणि मेकफाईल चालू कर्नलची हेडर मागते. रीस्टार्टनंतर ‘यूनेम -आर’ पुन्हा बघा, कागदावरचा आकडा बदललेला दिसेल.

या नावांत आकडा नाही हे लक्षात आलं असेल. ती नेहमी ताज्या कर्नलकडे बोट दाखवतात. म्हणजे पुढे कर्नल अपडेट झाला की हेडरही आपोआप येतील. आकड्याचं पॅकेज एकदाच कामाचं, हे कायमचं. दोन्हींत निवडायचं तर मी नेहमी हेच टाकतो.

पेनड्राइव्हनेच सगळं न्यायचं असेल तर एक प्रसंग सांगतो. मी तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करतो. एका शनिवारी अशाच एका मशीनसाठी मी ‘लिनक्स-हेडर्स-...-एएमडी६४’ हे एकच पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन गेलो आणि ‘डीपीकेजी’ने (हातातली पॅकेज-फाईल बसवणारी कमांड) बसवलं. तक्रारीच्या दोन ओळी आल्या, मी त्या नीट वाचल्या नाहीत. ‘बिल्ड’ लिंक दिसत होती, फोल्डर उघडत होता. तरी ‘मेक’ पुढे जाईना. तास-दीड तास ड्रायव्हरच्या कोडमध्ये डोकं घातलं. शेवटी एका विद्यार्थिनीने माझ्या खांद्यावरून बघत विचारलं, “सर, ‘स्क्रिप्ट्स’ लाल रंगात का आहे?” लाल रंग म्हणजे तुटलेली लिंक. डेबियनमध्ये हेडरचा संच एका पॅकेजात नसतो. एएमडी६४वालं पॅकेज अगदी छोटं, त्यातली मेकफाईल ‘कॉमन’ नावाच्या दुसऱ्या पॅकेजकडे पाठवते, आणि ‘स्क्रिप्ट्स’ हा फोल्डर तिसऱ्या, ‘लिनक्स-केबिल्ड’ पॅकेजमध्ये असतो. तिन्ही हवीत, शिवाय जीसीसी-१२ आणि त्याची कंपायलर-पॅकेज. त्या मुलीची नजर मी त्यानंतर सगळ्यांना शिकवतो: काही अडलं की आधी ‘एलएस -एल’ करून लाल काही दिसतं का ते पाहायचं. तुम्हाला मात्र फोनचं टेदरिंग जमत असेल तर या भानगडीत पडू नका.

आता ‘मेक’ चालवा. थेट जीसीसी नको. कर्नलचे मॉड्यूल त्याच्या स्वतःच्या बांधणी-यंत्रणेतूनच कंपाईल करावे लागतात, कारण कुठले पाथ आणि कुठले पर्याय द्यायचे हे तिलाच ठाऊक असतं. आणि सोर्सच्या फोल्डरच्या नावात, किंवा त्याच्या वरच्या कुठल्याही फोल्डरच्या नावात, मोकळी जागा ठेवू नका. ‘वायफाय ड्रायव्हर’ असं दोन शब्दी नाव दिलं की ही यंत्रणा त्याचे दोन पाथ समजते, आणि समोर असलेली फाईल ‘सापडत नाही’ म्हणते.

एवढं सगळं करूनही एखादी ठरावीक फाईल नाहीच म्हणाला, तर मात्र दोष तुमच्या मशीनचा नाही, ड्रायव्हरच्या सोर्सचा आहे. तो जुना आहे. कर्नलच्या आतली हेडर कायम जागेवर राहतील असं वचन कर्नल बनवणाऱ्यांनी कधी दिलेलंच नाही. ‘लिनक्स/कॉन्फिग डॉट एच’ २.६.१९ मध्ये काढली. ‘लिनक्स/ऑटोकॉन्फ डॉट एच’ २.६.३३ मध्ये ‘जनरेटेड’ फोल्डरात गेली. ‘एएसएम/सिस्टिम डॉट एच’ ३.४ मध्ये गेली. ३.७ मध्ये, २०१२ साली, प्रोग्रामसाठीची हेडर वेगळी काढली तेव्हा ‘व्हर्जन डॉट एच’ची जागा बदलली. ५.१५ पासून नुसतं ‘एसटीडीआर्ग डॉट एच’ चालत नाही, ‘लिनक्स/एसटीडीआर्ग डॉट एच’ लिहावं लागतं. तुमच्या कर्नलवर, म्हणजे ६.१ वर, हा शेवटचा एरर येण्याचा संभव बराच आहे. तो असेल तर सोर्समधली तेवढी ओळ बदला. पण एक दुरुस्त केली की पाठोपाठ पाच निघाल्या, तर हात आवरा आणि त्याच चिपचा कुणीतरी सांभाळत असलेला, अलीकडे अपडेट झालेला सोर्स घ्या. आणि कितीही मोह झाला तरी हरवलेल्या नावाची रिकामी फाईल तयार करून एरर गप्प करू नका.

कुणा वाचकाकडे ८८२१सीयू, ८८२२बीयू किंवा ८८२२सीयू चिप असेल तर त्यांनी कंपाईल करायच्या आधी थांबावं. या चिपचे ड्रायव्हर ६.२ कर्नलपासून आतच आहेत. डेबियन १३ चा कर्नल ६.१२ आहे, तिथे या चिपसाठी हा खटाटोप बहुधा लागणारच नाही. फेडोरावाल्यांनी पॅकेजच्या नावाला फसू नये: तिथे ‘कर्नल-हेडर्स’ म्हणजे प्रोग्रामसाठीचा ढीग, ड्रायव्हरला हवं ते ‘कर्नल-डेव्हल’.

कंपाईल झाल्यावर ‘मोडप्रोब’ने (मॉड्यूल चालू करणारी कमांड) ‘कमांड नॉट फाऊंड’ म्हटलं, तर तुम्ही रूट (मुख्य प्रशासक) होताना नुसतं ‘एसयू’ केलंय. ‘एसयू’, जागा, डॅश असं करा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हटलं, तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी मशीनची सुरक्षा) चालू आहे. डीकेएमएसने मॉड्यूल बसवलंत तर ते त्यासाठीची किल्ली आपोआप तयार करतं. ‘मोकयुटिल’ने ती नोंदवायची आणि रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर पासवर्ड द्यायचा.

तरीही अडलं, तर ‘यूनेम -आर’चं उत्तर, ‘बिल्ड’वरच्या ‘एलएस -एल’ची ओळ आणि ‘मेक’चा पहिला एरर इथे टाका. पहिलाच हवा. शेवटी दिसणारा ‘एरर २’ नुसता वरच्या चुकीचा निरोप देतो, त्यावरून मला काही कळणार नाही.