कॅमेरा बाळाच्या छातीकडे धरा

प्रश्न : मॅडम, मी सातपुड्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. दर महिन्याला आमची बालआरोग्याची ऑनलाइन ट्रेनिंग असते. लिंक येते, ऐंशी-नव्वद जण जॉइन होतात, सगळ्यांचे कॅमेरे बंद, एक साहेब स्लाइड वाचून दाखवतात आणि शेवटी चॅटमध्ये ‘थँक्यू सर’ची रांग. मागच्या वेळी मी फोन चार्जिंगला लावून लसीकरणाची यादी पूर्ण केली, खोटं कशाला बोलू. आता म्हणतात व्हिडिओवरून ‘मेंटॉरिंग’ होणार. नुसतं नाव बदललंय की खरंच काही वेगळं असतं? आणि स्क्रीनवरून बाळ बघायला शिकता येतं का?
— एक सीएचओ, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, यादी पूर्ण केलीत ते बरंच केलंत, त्या तासाचा तेवढा तरी उपयोग झाला. तुम्ही सांगताय ते मेंटॉरिंग नाही, ते लेक्चर, फक्त फोनवरून. फरक ओळखायची माझी एकच खूण आहे: बोलायला सुरुवात कोण करतं? साहेब करत असतील तर लेक्चर. तुम्ही ‘माझ्याकडे काल एक सात महिन्यांचं बाळ आलं होतं’ असं म्हणून करत असाल तर मेंटॉरिंग.

ही पद्धत आली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधून. तिथे डॉ. संजीव अरोरा नावाचे लिव्हरचे तज्ज्ञ आहेत, आपल्या पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, शिकलेले. हिपॅटायटिस सीचे पेशंट अख्ख्या राज्यातून त्यांच्या क्लिनिकला यायचे, महिनोन्महिने वेटिंग, आणि कित्येकांचा नंबर लागेपर्यंत फार उशीर झालेला असायचा. मग २००३ मध्ये त्यांनी उलटं केलं, पेशंटला शहरात आणायच्या ऐवजी गावातल्या डॉक्टरलाच दर आठवड्याला व्हिडिओवर बसवलं, तुझी केस सांग, आपण सगळे मिळून ठरवू, औषध तूच दे. ह्याला प्रोजेक्ट इको म्हणतात. २०११ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला, ४०७ पेशंट, विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले आणि खेड्यांतल्या नि तुरुंगांतल्या २१ केंद्रांवर ५८.२ टक्के. म्हणजे तालुक्याचा डॉक्टर तज्ज्ञाच्या बरोबरीला आला. पुढे हीच पद्धत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने उचलली, ऑटिझमसाठीही वेगळी इको निघाली, आणि भारतातही ती चालते.

आता बाळ बघायचं म्हणाल तर माझाच एक बुधवार सांगते. आठ-नऊ उपकेंद्रांचा आमचा एक ग्रुप आहे, दुपारी अडीचला बसतो. एका सिस्टरने केस सांगितली, पाच महिन्यांचं बाळ, दोन दिवस खोकला, आई म्हणते पोट उडतंय. श्वास किती? ‘४४, मॅडम.’ म्हणजे नॉर्मल, कारण दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त असेल तर आपण फास्ट ब्रीदिंग म्हणतो (दोन महिन्यांच्या आत ६०, वर्ष ते पाच वर्षं ४०, हे तुम्हाला पाठच असेल). मी विचारलं कसे मोजले, तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणले. बाळ अजून तिथेच होतं. म्हटलं आईला पाजू दे, झोपलं की झबलं वर करा, फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा करा आणि कॅमेरा बाळाच्या छातीकडे धरा, चेहरा नकोय मला. मग सगळ्यांनी आपापल्या जागी पूर्ण एक मिनिट मोजलं. सिस्टरचे स्वतःचे आले ५४. कोणाचे ५३, कोणाचे ५५, आणि माझे ४७, कारण माझ्याकडे व्हिडिओ मध्येच अडकत होता! सगळे हसले, पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या, एक म्हणजे पूर्ण मिनिट मोजायचं, गुणाकार नाही, आणि दुसरी म्हणजे बाळाजवळ जो आहे त्याचाच आकडा खरा, स्क्रीनपलीकडच्या तज्ज्ञाचा नाही. त्या नऊ जणींपैकी एकही जण आता पंधरा सेकंदांवर थांबत नाही. स्लाइडवर हेच वाक्य मी निदान शंभर वेळा वाचून दाखवलं असेल.

पण सगळंच स्क्रीनवरून होत नाही, हे सांगितलं नाही तर मी तुम्हाला फसवलं असं होईल. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला बॅग-मास्कने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून हाताने पिशवी दाबून, श्वास देणं हे हाताचं काम आहे. पहिल्या मिनिटाच्या आत सुरू करायचं, मिनिटाला ४० ते ६०, दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन, हे कानाने शिकता येतं, पण मास्कच्या कडेतून हवा सुटतेय हे बोटांनाच कळतं. त्यासाठी एक दिवस सगळ्यांनी एकत्र येऊन बाहुलीवर हात बसवून घ्यायलाच हवा. व्हिडिओ त्याच्यानंतर कामाला येतो, कारण ट्रेनिंग झाल्यावर सहा महिन्यांत एकही तसं बाळ आलं नाही की हात विसरतो. मग दर महिन्याला बाहुली टेबलावर ठेवायची, कॅमेरा हातांवर, आणि पलीकडून कोणीतरी म्हणायचं, ‘मान जास्त मागे गेली, मास्क डोळ्यावर चढलाय, छाती उचलली जात नाहीये, परत लावा.’

आणि शिकणं एकाच बाजूने नसतं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, हे मी आयुष्यभर सांगत आले, पण पाड्यावर लिटर मोजायला काय असतं हे कधी विचारलं नव्हतं. एका सिस्टरने पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढून कॅमेऱ्यासमोर धरली, ‘मॅडम, ही मी पाकिटाबरोबरच देते.’ आता हे मी माझ्या शहरातल्या पेशंटनाही सांगते.

तेव्हा तुमच्याकडे नवीन प्रकार सुरू झाला की पहिल्याच दिवशी विचारा, ग्रुप किती जणांचा, दर वेळी तीच माणसं असणार का, केस कोण मांडणार? परत नव्वद जण नि बंद कॅमेरे असतील तर लसीकरणाची यादी आहेच. रेंज नसेल तर नुसत्या आवाजावर केस मांडा आणि बाळाच्या छातीची मिनिटभराची क्लिप रेंज मिळेल तेव्हा पाठवा, आईला विचारून. फक्त एक लक्षात ठेवा, बाळ निळं पडलंय, पीत नाहीये, झटके येताहेत तर बुधवारची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

प्रश्न : माझ्या मुलीची केस आमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांनी म्हणे मीटिंगमध्ये दहा-बारा जणांना व्हिडिओवर सांगितली. मला नंतर कळलं. असं चालतं का?
— एक आई, लातूर जिल्हा

उत्तर : तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, आणि राग येणं बरोबर आहे. केस मांडताना नाव, गाव, आधार नंबर, चेहरा काहीच लागत नाही, ‘चौदा महिन्यांची मुलगी, दंडाचा घेर ११.२ सेंटिमीटर, दोन्ही पायांवर सूज’ एवढं पुरतं. डॉक्टरांना जाऊन सरळ विचारा, नाव सांगितलं का, फोटो दाखवला का, रेकॉर्डिंग झालंय का, असेल तर कोणाकडे आहे. पण एक मात्र सांगते, त्यांनी बारा जणांना विचारलं म्हणजे त्यांना येत नव्हतं असं समजू नका. न विचारता अंदाजाने औषध बदलत राहणारे मी जास्त बघितलेत. आणि मीटिंगमध्ये काय ठरलं हेही विचारा, ते ऐकायचा हक्क सगळ्यात आधी तुमचा.

प्रश्न : मी आणि आजूबाजूचे तीन डॉक्टर, दोघं बीएएमएस, लहान मुलं बरीच बघतो. सरकारी प्रोजेक्टची वाट न बघता आम्हाला असं काही सुरू करता येईल का? खर्च किती?
— एक जनरल प्रॅक्टिशनर, सांगली

उत्तर : खर्च डेटा पॅकचा. अवघड आहे ते दर आठवड्याला तासभर मोकळा ठेवायला तयार असलेला बालरोगतज्ज्ञ मिळवणं, त्यासाठी तुमच्याच रेफर केलेल्या मुलांना जे बघतात त्यांना विचारा, त्यांनाही उशिरा आलेली मुलं बघायचा कंटाळा आलेला असतो. एका वेळी एकच केस. आधी बाकीच्या तिघांनी प्रश्न विचारायचे, तज्ज्ञाने शेवटी बोलायचं, हा नियम मोडला की महिनाभरात लेक्चर सुरू झालंच म्हणून समजा. काय ठरलं ते चार ओळींत लिहून ग्रुपवर टाकायचं, आणि निर्णय नि जबाबदारी ज्याचा पेशंट त्याचीच. इको आणि ई-संजीवनी (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) ह्यांची गल्लत करू नका, ई-संजीवनीत पेशंटला सल्ला मिळतो, इथे तुम्ही तयार होता. आणि पहिल्या दिवशी चौघांपैकी दोघंच आले, केसही नसली, तरी बसा, आणि मागच्या आठवड्यात रेफर केलेल्या पोराचं पुढे काय झालं तेवढं विचारा.