व्यायामाचा गुण मोजायचा कसा?

प्रश्न : माझ्या पत्नीला (वय ३९) चार वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मज्जातंतूंवरील आवरणाची हानी करणारा आजार असल्याचे निदान झाले. जानेवारीच्या अखेरीपासून ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून तीन दिवस सायकल आणि ताकदीचे व्यायाम करते. जिना चढताना आता मध्ये थांबावे लागत नाही, असे ती सांगते. परंतु मे महिन्यातील तपासणीत तिचा अपंगत्व मोजणारा ‘ईडीएसएस’ गुणांक (जितका जास्त, तितके अपंगत्व अधिक) पूर्वीइतकाच, ४, निघाला. शिवाय उन्हाळा सुरू झाल्यापासून व्यायामानंतर थोडा वेळ तिला अंधुक दिसते. व्यायामाने खरोखर फरक पडतो आहे की ते आमच्या मनाचे समाधान आहे, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जिन्याविषयी आपल्या पत्नी जे सांगतात ते आणि डॉक्टरांनी लिहिलेला ४ हा आकडा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. न्यूरॉलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये आजच्या रूपात मांडलेली ईडीएसएस ही ० ते १० गुणांची मोजपट्टी आजाराची वर्षानुवर्षांची वाटचाल पाहण्यासाठी आहे, आणि तिचा मधला भाग मुख्यतः माणूस किती अंतर चालू शकतो यावर ठरतो. आधाराशिवाय आणि न थांबता सुमारे ५०० मीटर चालता आले तर ४. एका काठीच्या आधाराने १०० मीटर जाता आले तर ६. तेच ५०० मीटर पूर्वी धापा टाकत आणि आज सहज पार केले, तरी गुणांक हलत नाही.

अमेरिकेतील युटा विद्यापीठात झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले. एमएसच्या ५४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले आणि एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम केला. त्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी २२ टक्क्यांनी वाढली, ताकद वाढली, उदासी कमी झाली. ईडीएसएस मात्र होता तिथेच राहिला. थकव्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. मनःस्थितीच्या प्रश्नावलीत दहाव्या आठवड्याला थकवा कमी झालेला आढळला, तर खास थकव्यासाठी असलेल्या नऊ विधानांच्या प्रश्नावलीत काहीच बदल आढळला नाही. म्हणून ‘व्यायामाने थकवा कमी होतो का’ असे कोणी विचारले, तर तो कोणत्या प्रश्नावलीने आणि कोणत्या आठवड्यात मोजला, हे आधी विचारावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आपल्या पत्नीसाठी चालण्याच्या दोन चाचण्या उपयोगी पडतील. पहिली २५ फुटांची, म्हणजे ७.६२ मीटरची: जमिनीवर खुणा करून, सुरक्षित राहील इतक्या जलद चालायचे आणि स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची, दोनदा घेऊन सरासरी काढायची. या चाचणीत साधारण २० टक्क्यांचा फरक अर्थपूर्ण मानतात. आठ सेकंदांचे साडेसात झाले म्हणून हुरळून जाऊ नये, साडेआठ झाले म्हणून खचूनही जाऊ नये. सव्वासहा झाले तर त्याची दखल घ्यावी. दुसरी चाचणी सहा मिनिटांत किती अंतर कापले जाते याची, आणि माझ्या मते व्यायामाचा परिणाम पाहायला हीच अधिक चांगली, कारण एमएसमधील पायाचा अशक्तपणा पुष्कळदा पहिल्या मिनिटात दिसतच नाही. सुरुवातीला दोन्ही पावले सारखी पडतात आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला एका पायाची चप्पल फरशीला घासल्याचा आवाज येऊ लागतो. मीटरबरोबर हा आवाज कितव्या मिनिटाला सुरू झाला तेही लिहून ठेवावे. चाचणीच्या वेळी सोबत कोणीतरी असावेच, आणि तोल जात असेल तर ती फिजिओथेरपिस्टकडेच करावी.

नोंदी मात्र एकाच शिस्तीने व्हायला हव्यात: तीच जागा, तीच पादत्राणे, दिवसाची तीच वेळ, आणि त्या दिवशी आधी व्यायाम झालेला नको. चाचणीची सवय होऊनही आकडा सुधारतो, त्यामुळे पहिला प्रयत्न सरावाचा समजून सोडून द्यावा. नागपुरात तर फेब्रुवारीतील सकाळची नोंद मे महिन्यातील दुपारच्या नोंदीशी ताडून पाहणे रुग्णावर अन्याय करणारे ठरेल.

याचे कारण आपण विचारलेल्या अंधुकपणातच आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर तात्पुरती दृष्टी मंदावल्याची नोंद केली. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजलेले असले की शरीराचे तापमान थोडे वाढले तरी संदेश अडखळतात. शरीर थंड झाले की ते पूर्ववत होतात. हा नवा घाव नव्हे. या लक्षणाच्या धास्तीने एमएसच्या रुग्णांना कित्येक दशके ‘श्रम टाळा’ असेच सांगितले गेले, आणि त्यात अनेकांची उरलीसुरली ताकदही गेली, याची मला आजही खंत वाटते. व्यायाम पहाटे किंवा कूलरसमोर करावा, मध्ये विश्रांती घ्यावी, गार पाणी जवळ ठेवावे. अंधुकपणा किती मिनिटांत जातो, हेही वहीत लिहावे आणि आपल्या न्यूरॉलॉजिस्टना एकदा सांगून ठेवावे. ताप किंवा संसर्ग नसताना नवा अंधुकपणा, बधिरपणा वा अशक्तपणा २४ तास टिकला, तर मात्र तो व्यायामाच्या खाती न टाकता लगेच डॉक्टरांना कळवावे.

जानेवारीत फिजिओथेरपिस्टनी पहिल्या दिवसाची काही मोजमापे घेतली असतील, तर ती मागून घ्या. नसतील, तर येत्या आठवड्यातील नोंद पहिली धरा, आणि जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता चढल्या जातात हा रकानाही त्यात ठेवा.