टेबल काढण्याआधी ‘डिसेबल’ कशासाठी?

प्रश्न : एचबेस या अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या डेटाबेसच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या सोयीत) टेबल काढून टाकणारी ‘ड्रॉप’ ही आज्ञा दिली, तर टेबल अजून सुरू असल्याची तक्रार येते आणि ते काढले जात नाही. असे का होते?

उत्तर : एचबेसमधील टेबल रीजनमध्ये, म्हणजे ओळींच्या सलग तुकड्यांत, विभागलेले असते आणि ही रीजन वेगवेगळ्या सर्व्हरांवर वाचन-लेखनासाठी उघडी असू शकतात, ती सर्व बंद झाल्याखेरीज टेबल काढू न देण्याची दक्षता प्रणाली घेते. म्हणून आधी ‘डिसेबल’ (टेबल बंद करणे) आणि मगच ‘ड्रॉप’ असा क्रम पाळावा लागतो. दोन्ही वेळा टेबलाचे नाव अवतरणचिन्हांत लिहावे, कारण हे शेल रूबी भाषेवर उभे आहे आणि चिन्हांवाचून लिहिलेल्या नावाचा ते निराळाच अर्थ घेते.

टेबल ठेवून केवळ नोंदी काढायच्या असतील, तर ‘ट्रंकेट’ पुरेसे आहे. मात्र ही आज्ञा टेबल स्वतःच बंद करून, काढून, नव्याने बांधते, त्यामुळे रीजनच्या जुन्या सीमा नाहीशा होतात. त्या टिकवायच्या असल्यास ‘ट्रंकेट_प्रिझर्व्ह’ वापरावे. ‘ड्रॉप’ करण्यापूर्वी ‘डिस्क्राइब’ने कॉलम फॅमिलींची (स्तंभांच्या गटांची) मांडणी पाहून तिची नक्कल जपून ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे, कारण ‘लिस्ट’ केवळ टेबलांची नावे दाखवते. नुसते ‘डिसेबल’ केलेले टेबल ‘एनेबल’ने पूर्ववत सुरू होते.